सायकल, कॉलेज आणि रात्रीची दारं



आपल्या कार्यक्षेत्रातल्या रस्त्यांवर पहाटे वाकड्या हँडलच्या सायकलींवरून कॉलेजची पोरे-पोरी जाताना दिसतात. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी त्यांचा सराव चाललेला असतो. पारावरची मंडळी बघून म्हणतात, "बापानं मोटारसायकल घेऊन दिली न्हाई वाटतं!" थट्टा थट्टेच्या जागी ठीक. पण घरात जो सवाल निघतो तो थट्टेचा नाही. पोरानं शिकावं का सायकल मारावी? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते : आधी डिग्री, मग काय ते. मला हे पटत नाही. आणि "शाळा सोड, खेळच कर" हे तर त्याहून पटत नाही.

आपल्याकडे सायकलिंगवर पोट भरणारे खेळाडू बोटावर मोजण्याइतके. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्या जागेलाही शिक्षणाची अट असतेच. एकदा हाड मोडले की वर्ष गेले. तेव्हा पदवी हवी. पण सराव ही काही बँकेतली ठेव नव्हे. तीन-चार आठवडे बंद ठेवला तरी दम उतरू लागतो. म्हणून दोन्ही एकदमच चालवावे लागते.

चालते का? ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर ही गणिताची बाई. व्हिएन्ना आणि केंब्रिजला शिकून तिने २०१६ साली बार्सिलोनाला गणितात डॉक्टरेट मिळवली. शर्यतीची सायकल धरली ती हे संशोधन चालू असतानाच. २०१७ साली व्यावसायिक संघात गेली, तिथे रमली नाही. पुढे स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या विद्यापीठात गणिताचेच काम करीत ती सायकल चालवीत राहिली. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी तिला ना व्यावसायिक संघ, ना प्रशिक्षक. सरावाचा, खाण्यापिण्याचा बेत तिचा तीच आखायची. २५ जुलै २०२१ रोजी १३७ किलोमीटरची शर्यत सुरू होताच ती पुढे निघाली, आणि मागच्या नामांकित बायका तिला चक्क विसरून गेल्या. नेदरलँड्सची फान फ्ल्यूटेन दुसरी आली, तर सुवर्णपदक आपलेच समजून तिने हात वर केले! गणिताची मास्तरीण सव्वा मिनिट आधीच पोचली होती.

आता, तिला एस.टी. धरायची नव्हती आणि पंच्याहत्तर टक्के हजेरीही भरायची नव्हती, हे मान्य. म्हणून आपल्या पोराचा हिशेब मांडू. आठवड्याचे तास १६८. कॉलेज आणि जाणे-येणे ४५, झोप रोजची आठ म्हणजे ५६, सायकल १४, घरचा अभ्यास १८. बेरीज १३३. पस्तीस तास शिल्लक राहतात. म्हणजे कागदावर बसते.

मोडते कुठे? रात्रीच्या लाईटवर. पंपाची पाळी रात्रीची आली की बारा वाजता पोरगं उसात दारं धरायला जातं. पाचला घरी, साडेपाचला सायकल, साडेसातची गाडी, आणि दहाच्या तासाला मान खाली. शिणलेले स्नायू झोपेत भरून निघतात आणि वाचलेले डोक्यात मुरते तेही झोपेतच. झोप गेली की दोन्ही गेले. मग निकाल लागतो आणि वडील म्हणतात, "दोन्ही झेपत न्हाई, सोड ती सायकल." अहो, दोन झेपत होते, तिसरे झेपले नाही!

शेत आपले आहे, पाणी द्यावेच लागते. पण स्पर्धा आणि परीक्षेच्या आधीचे सहा-आठ आठवडे तरी त्या पोराऐवजी रोजंदारीचा माणूस लावावा. ठिबक असेल तर तेवढीही गरज नाही. अंगात पंचवीस हजारांची जर्सी-शूज आणि डोळ्यांत तीन तासांची झोप, ह्यात काय हाशील?

खाण्याचेही तसेच. दोन तासांच्या वरच्या सरावाला ताशी साठेक ग्रॅम पिष्ट-साखर लागते. महागड्या पुड्या आणतात. पाणी, साखर, लिंबू, चिमूटभर मीठ ह्यात बरेच काम भागते. आपल्या साखरेत निम्मे ग्लुकोज, निम्मे फ्रुक्टोज. आतडे ती दोन वाटांनी उचलते. शेवटी माल आपलाच!

कॉलेजचे म्हणाल तर सत्र सुरू होतानाच स्पर्धांच्या तारखा क्रीडा शिक्षकांच्या सहीने प्राचार्यांकडे लेखी द्याव्यात. हजेरी कमी पडल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

राहिला रस्ता, आणि तो आपल्या हातात आहे. गळीत हंगाम, थंडीतल्या स्पर्धा, सत्र परीक्षा सगळे एकाच वेळी येते. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, बाजूला हातभर ऊस लोंबतोय, आणि अंधारात मागून सायकलवाला. पोरांनी हंगामात उजाडल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये, तोवर घरातच स्टँडवर सायकल लावून पाय मारावेत. आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घेऊ नये.

पदक आले की आपण शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो. येत्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला वजनकाट्यावरच्या रिफ्लेक्टरचा. दुसरा, विद्यापीठ संघात निवड झालेल्या सभासदाच्या मुला-मुलीसाठी सत्कारखर्चातून सहा आठवड्यांची रात्रपाळीची मजुरी द्यावी, असा. सूचक मी आहे, अनुमोदक हवा आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद