अवजार कोणाच्या मालकीचे?

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे एक जुने विद्यार्थी गेली पंधरा-सोळा वर्षे ध्वनिमुद्रणाचा लहानसा स्टुडिओ चालवीत आहेत. अर्थशास्त्राची पदवी घेऊनही त्यांनी भजनी मंडळे, शाहीर आणि शाळांची स्नेहसंमेलने यांच्या संगतीत आपला चरितार्थ शोधला. वडिलार्जित घराच्या दोन खोल्या, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावलेल्या गोधड्या, दोन मायक्रोफोन, एक पेटी, एक की-बोर्ड आणि एक संगणक, एवढेच त्यांचे भांडवल. गेल्या आषाढात त्यांच्याकडे जाणे झाले, तेव्हा त्या संगणकाच्या पाठीमागे इंटरनेटची तार जोडावयाच्या जागी त्यांनी काळी चिकटपट्टी लावलेली दिसली. बिनतारी जोडणीही बंद होती. पत्रव्यवहार आणि देण्याघेण्याचे व्यवहार ते शेजारच्या दुसऱ्या संगणकावर करतात. तयार झालेले गाणे पेन ड्राइव्हवर घ्यायचे, उठून पलीकडे जायचे आणि तेथून पाठवायचे, असा त्यांचा शिरस्ता आहे.

कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी मासिक वर्गणीवर मिळणारी एक परदेशी ध्वनिमुद्रणप्रणाली त्यांनी घेतली होती. पंचक्रोशीतील एका भजनी मंडळाचे अभंग वारीपूर्वी मुद्रित करून द्यावयाचे होते. पावसाने गावातील इंटरनेट चार दिवस बंद पडले आणि नेमकी त्याच दिवसांत प्रणालीची ठरावीक मुदतीची परवानातपासणी आली. वर्गणी भरलेली होती. परंतु ती भरल्याची खात्री करून घेण्यासाठी कंपनीच्या दूरच्या संगणकाशी गाठ पडेना, म्हणून प्रणाली उघडेना. टाळकऱ्यांचे आवाज त्यांच्याच घरात, त्यांच्याच यंत्रात साठवलेले होते आणि तरीही ते त्यांच्या हाती लागत नव्हते. काम गेले, आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागले. त्यानंतर त्यांनी वर्गणी थांबवली, पूर्वी एकरकमी विकत घेतलेली जुनी प्रणाली पुन्हा बसवली आणि संगणकाचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडून टाकला.

एका लहान स्टुडिओची ही तक्रार या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही साथींना पडेल. आमच्या मते हा प्रश्न आपल्या चळवळीच्या अगदी जुन्या प्रश्नाचाच नवा अवतार आहे: उत्पादनाचे साधन कोणाच्या हाती असावे? गिरणीकामगाराच्या मालकीचा माग नव्हता, म्हणून तो मजूर झाला. गावच्या सुताराजवळ स्वतःची करवत आणि स्वतःचा रंधा होता. तो गरीब असेल, पण आपल्या कामाचा धनी होता. एके काळी मुद्रणासाठी मुंबई-पुण्याच्या मोठ्या स्टुडिओचे दार ठोठवावे लागे. संगणक स्वस्त झाला आणि तालुक्याच्या ध्वनिमुद्रकालाही त्या सुताराचे स्थान लाभले. वर्गणीची पद्धत हे स्थान गुपचूप काढून घेत आहे. रंधा कारागिराच्या हातात राहतो, परंतु त्याचे पाते त्याला दरमहा मालकाकडून मागून आणावे लागते.

हा बदल अलीकडचा आहे. ॲडोबी कंपनीने मे २०१३ मध्ये जाहीर केले की, चित्रे आणि पानांची मांडणी यांसाठीच्या तिच्या प्रणालींच्या पुढच्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर मिळतील. नियतकालिके काढणाऱ्या आपल्या मंडळींना या निर्णयाची झळ ठाऊक आहे. संगीताच्या क्षेत्रातही तोच वारा आला. मुद्रित आवाजावर संस्कार करणारी साधने बनवणाऱ्या वेव्हज या इस्राएली कंपनीने मार्च २०२३ च्या अखेरीस आपल्या साधनांची विक्री बंद करून ती फक्त वर्गणीवर देऊ केली. 'आजन्म' या शब्दाचाही भरवसा उरलेला नाही. केकवॉक या जुन्या अमेरिकन कंपनीने २०१६ मध्ये 'आजन्म सुधारणा' देण्याच्या वचनावर आपली प्रणाली विकली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये गिटार बनवणाऱ्या तिच्या मालक कंपनीने, गिब्सनने, तिचे काम थांबवले. पुढे सिंगापूरच्या एका कंपनीने तिची मालमत्ता घेतली, हे खरे. परंतु 'आजन्म' म्हणजे ग्राहकाचा जन्म नव्हे, हे त्या प्रसंगी सर्वांना कळून चुकले.

कंपन्यांना विक्रीपेक्षा भाडे का आवडते, याचे उत्तर अर्थशास्त्रात फार पूर्वीच दिले गेले आहे. रोनाल्ड कोस हे काही समाजवादी नव्हते. बाजारपेठेच्या समर्थकांतच त्यांची गणना होते. टिकाऊपणा आणि मक्तेदारी या विषयावरील १९७२ च्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराचा सर्वांत मोठा स्पर्धक म्हणजे त्याने स्वतःच पूर्वी विकलेला माल. ज्याच्या घरी चांगली वस्तू आहे तो नवी वस्तू कशाला घेईल? आणि संगणकप्रणालीइतकी टिकाऊ वस्तू दुसरी नाही, कारण ती वापराने झिजतच नाही. दहा वर्षांपूर्वी घेतलेली प्रणाली आजही तंबोऱ्याचा सूर तितक्याच नेकीने टिपते. या अडचणीतून मक्तेदाराने सुटावयाचा एक मार्ग कोस यांनी नमूद केला आहे, तो म्हणजे वस्तू विकू नये, भाड्याने द्यावी. मग जुना माल बाजारात उरत नाही आणि ग्राहकाला 'आहे त्यात भागवतो' असे म्हणण्याची सोयही राहत नाही. ही मिळकत शेतजमिनीच्या खंडाच्या जातीची आहे. कूळ पिढ्यान् पिढ्या जमीन कसते, खंड भरते, आणि एका वर्षी तो चुकला की बांधाबाहेर उभे राहते.

यावर न्यायव्यवस्थेने कधी काही केलेच नाही, असेही नाही. अमेरिकेत पादत्राणांच्या कारखान्यांना लागणारी यंत्रे पुरवणारी युनायटेड शू मशिनरी ही बलाढ्य कंपनी आपली महत्त्वाची यंत्रे विकत नसे, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने देत असे. १९५३ साली मॅसॅच्युसेट्स येथील न्यायालयाने ही पद्धत तिच्या मक्तेदारीचा आधार असल्याचे ठरवले आणि जी यंत्रे भाड्याने देता ती विक्रीसही ठेवा, असा आदेश दिला. पुढच्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीलाही सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार आपली यंत्रे भाड्याबरोबर विकत देणे भाग पडले. भांडवलशाहीच्या माहेरघरी सत्तर वर्षांपूर्वी जे झाले ते आज अशक्य का मानावे?

आता आमच्या त्या विद्यार्थ्याच्या चिकटपट्टीकडे परत वळू. त्यांचे करणे अडाणीपणाचे आहे, असे कोणी समजू नये. जोडलेल्या संगणकावर न विचारता सुधारणा उतरतात आणि काल बिनतक्रार चालणारे एखादे साधन आज रुसून बसते. विंडोज १० या प्रणालीसाठी कंपनीने देऊ केलेली नियमित सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तिच्यावर चालणारे अनेक जुने संगणक नव्या प्रणालीच्या अटींत बसत नाहीत. असे यंत्र जाळ्यात ठेवणे धोक्याचे, परंतु जाळ्याबाहेर ते अजून कित्येक वर्षे इमानाने काम देईल. शिवाय संगीताच्या या धंद्यात मुक्त व्यवस्थेचे उत्तम उदाहरण त्यांच्या टेबलावरच आहे. की-बोर्ड आणि संगणक ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात ती 'मिडी' ही पद्धत १९८३ मध्ये प्रत्यक्षात आली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी ती समाईक केली आणि तिच्या वापरावर कोणतेही स्वामित्वशुल्क ठेवले नाही. चार दशकांपूर्वीचा की-बोर्ड आजच्या संगणकाशी आजही बोलतो. त्यासाठी कोणाची वर्गणी भरावी लागत नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. प्रणाली लिहिणारे तंत्रज्ञही श्रमिकच आहेत आणि चुका दुरुस्त करीत राहण्याला खर्च येतो. एखाद्या विद्यार्थ्याला मोठी रक्कम एकदम भरण्यापेक्षा दरमहा थोडे देणे सोयीचे वाटते. चोरून प्रती वापरण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे आणि तिचे समर्थन आम्ही करणार नाही. म्हणून भाड्याची पद्धतच बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. ज्याला भाडे परवडते त्याने ते खुशाल द्यावे. आक्षेप आहे तो दुसरा पर्याय काढून घेण्यावर आणि भाडे भरलेल्या माणसालाही दरवाजात उभे करून ओळख विचारण्यावर.

तरीसुद्धा एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तार तोडल्याने कालचे अवजार वाचते, उद्याचे वाचत नाही. यंत्र कधीतरी बिघडेल, नवे घ्यावे लागेल, आणि जुनी प्रणाली त्यावर बसेलच असे नाही. ती बसवताना परवान्यासाठी पुन्हा जाळ्यातच जावे लागेल. एकट्याचा असहकार स्वाभिमान राखतो, व्यवस्था बदलत नाही. वेव्हज कंपनीच्या त्या निर्णयाचे पुढे काय झाले, हे म्हणूनच ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जगभरच्या ध्वनिमुद्रकांनी एकमुखाने निषेध केला आणि काही दिवसांतच कंपनीला दिलगिरी व्यक्त करून कायम परवान्यांची विक्री पुन्हा सुरू करावी लागली. ज्यांची कोणतीही संघटना नव्हती, त्या विखुरलेल्या कारागिरांनी हे करून दाखवले.

मग मागणी कोणती करावी? कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये केलेला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला एक कायदा येथे मार्गदर्शक ठरेल. डिजिटल वस्तू देताना ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर 'खरेदी' हा शब्द तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय वापरता येणार नाही, असे तो म्हणतो. ही अट कोणाला लागू नाही? जो विक्रेता वस्तू कायमची उतरवून घेऊन इंटरनेटवाचून वापरू देतो, त्याला. म्हणजे जाळ्याबाहेर चालणे ही मालकीची खूण आहे, हे तेथील विधिमंडळाने मान्य केले. आमच्या विद्यार्थ्याने चिकटपट्टी लावून नेमके हेच म्हटले होते.

आपल्याकडील स्थिती पाहा. विक्रीकराचा प्रश्न आला तेव्हा माध्यमावर भरून विकलेली तयार प्रणाली ही 'माल'च आहे, असा निर्वाळा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. कर घेताना जी वस्तू ठरते, ती हक्क मागताना परवाना का व्हावी? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या मालाला संरक्षण नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी विकत घेऊन वापरलेल्या वस्तूचा अपवाद केला आहे. लहान कारागीर या छत्राखाली येतो तो त्याने अवजार विकत घेतले असेल तर. ते भाड्याने घ्यावयास लावले की छत्रच डोक्यावरून सरकते. याच कायद्यात अन्याय्य कराराची कल्पना आहे आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. तिचा वापर प्रणालींच्या करारांबाबत झाला पाहिजे.

आमच्या मागण्या थोडक्यात अशा आहेत. जी प्रणाली वर्गणीवर दिली जाते ती वाजवी किमतीत कायमची विकतही मिळाली पाहिजे. भरलेल्या वर्गणीच्या मुदतीत इंटरनेट नाही म्हणून काम अडता कामा नये. वर्गणी संपली किंवा कंपनी बुडाली, तरी माणसाने केलेले काम उघडण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा त्याचा हक्क अबाधित राहिला पाहिजे. उपजीविकेसाठी भाड्याने घेतलेल्या अवजारालाही ग्राहक कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे. आणि सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळा, विद्यापीठांचे संगीत विभाग व कला संस्था यांनी विद्यार्थ्यांना मुक्त प्रणालींवर शिकवले पाहिजे. केरळच्या सरकारी शाळांनी संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर आणून दाखवले आहे. संगीतासाठीही 'आर्डर'सारखी मुक्त ध्वनिमुद्रणप्रणाली उपलब्ध आहे. तिचा मूळ आराखडा कोणालाही पाहता येतो, बदलता येतो.

'कसेल त्याची जमीन' ही घोषणा दिली गेली तेव्हाही जमीनदारांनी करार दाखवले होते. कुळाने सही केली आहे, असे ते म्हणत. १९४८ चा कूळकायदा झाला तो त्या सहीमागची लाचारी समाजाने ओळखली म्हणून. आज पडद्यावर 'मला मान्य आहे' या चौकटीवर बोट ठेवणाऱ्याची स्थिती फारशी वेगळी नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील ध्वनिमुद्रक, छायाचित्रकार, अक्षरजुळणी करणारे आणि नकाशे काढणारे यांना एकदा एकत्र बोलवावे आणि दरमहा किती खंड भरता, एवढेच विचारावे. प्रत्येकाने स्वतःशीच केलेली बेरीज जेव्हा सर्वांसमोर मांडली जाईल, तेव्हा चळवळीचे काम सुरू झालेले असेल. तोवर आमच्या विद्यार्थ्याने ती चिकटपट्टी काढू नये.