‘फक्त इंग्रजी’ची पाटी आधी उतरवा

धडगावात आपल्याच काही तरुणांनी उन्हाळ्यात इंग्रजीचा मोफत वर्ग घ्यायचं ठरवलंय. मोहल्ल्यातली मुलं येतील, पाड्यांवरची पावरा मुलंही येतील. मी थोडे पैसे द्यावेत आणि सुट्टीत शिकवावं, असा निरोप आला. सोबत नियमांच्या पाटीचा फोटो. पहिलाच नियम : ‘फक्त इंग्रजी. दुसऱ्या भाषेत बोलल्यास पाच रुपये दंड.’

हा नियम काढा, मगच येतो, असं मी कळवलं. उत्तर आलं : ‘स्वतः इंजिनिअर झालास, आता आमची शिडी काढतोस?’ म्हणून जाहीर लिहितोय.

शिडीचंच बोलू. माझ्या घरी मोडकी उर्दू, शाळेत मराठी, बाजाराच्या दिवशी अब्बांच्या दुकानात पावरी. ज्या शिकवणीत मी इंग्रजी शिकलो तिथे असाच दंड होता. माझ्या बाकावरचा पावरा मुलगा दंड नको म्हणून बोलायचाच थांबला. सरांना वाटलं, शिस्त लागली. दिवाळीनंतर तो आला नाही. मी बोलत राहिलो, कारण अब्बा दंड भरू शकत होते.

आणि एवढं करून शिकलो काय? नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मीटिंगमध्ये ‘आय ॲम नोइंग’ म्हणायचो. ‘मला माहीत आहे’मधला प्रत्येक ‘आहे’ इंग्रजीत ‘ॲम’ होत नाही, ‘मला भूक लागली’मधला ‘मला’ तिथे ‘आय’ होतो, हे मराठीत सांगायला दोन मिनिटं लागतात. इंग्रजीतून सांगायचं, तर ते कळण्याइतकं इंग्रजी आधी यायला हवं!

हा काही निसर्गनियम नाही. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे इंग्रजी शिकवण्याबद्दल राष्ट्रकुल परिषद झाली. तिच्यामागच्या विचारात ‘इंग्रजी इंग्रजीतूनच’ हे सूत्र होतं. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२च्या ‘लिंग्विस्टिक इम्पिरियालिझम’ या पुस्तकात त्याला सरळ भ्रम म्हटलं. आपल्याकडे तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या मराठीतून इंग्रजी शिकल्या. मदरशात मौलवीसाहेब अरबीचं व्याकरण उर्दूतून समजावतात, तिथे कोण दंड घेतं? आणि आपल्याच नर्मदाकाठी जीवनशाळांनी १९९०च्या दशकापासून पावरी-भिलोरीला वर्गात जागा दिली. इंग्रजीच्या तासाला ती का नसावी?

एक मात्र कबूल. माझ्या शाळेत इंग्रजीचा धडा म्हणजे फळ्यावरचं मराठी भाषांतर उतरवून घेणं. वर्षभरात एक इंग्रजी वाक्य तोंडातून निघालं नाही. तेही नको. अर्थ आणि चूक आपल्या भाषेत समजवा, मग तासाचा मोठा भाग मुलांना इंग्रजी बोलू द्या, चुकतमाकत.

मला पावरी फक्त मीठ-तेलाच्या भावापुरती येते. तेव्हा बारावी झालेली एखादी पावरा मुलगी वर्गात सोबत घ्या. माझ्या पैशांतून पहिलं मानधन तिचं. पाटी उतरली की कळवा, मे महिन्याची रजा टाकतो.