भुतांची वर्गणी कोण भरणार?

मुंजा, हडळ, समंध, वेताळ ही मंडळी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आली आहेत. आजीने अंधारात सांगितलेली मुंजाची गोष्ट म्हणजे बाळकडू, वेताळपंचविशी म्हणजे प्राचीन वाङ्मय. आणि तीच भीती एखाद्या लहानशा मासिकाने छापली, की ती हीन अभिरुची! हा कुठला न्याय?

म्हणे, मुले घाबरतात. घाबरू द्या की! जिचे पान आपल्याच हाताने मिटता येते, तिच्याइतकी निर्धोक भीती दुसरी नाही. (वर्तमानपत्राचे तसे नसते.)

म्हणे, हे साहित्यच नव्हे. अमेरिकेतही हेच म्हणत. तिथे १९२३ साली 'वीअर्ड टेल्स' हे भयकथांचे मासिक निघाले, ते पहिल्या वर्षातच कर्जात बुडाले. त्यात लिहिणारा लव्हक्राफ्ट १९३७ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी, दारिद्र्यात गेला. त्याच्या कथांना मोठा प्रकाशक मिळेना. तेव्हा डर्लेथ आणि वँड्री या दोघा लेखकमित्रांनी १९३९ साली स्वतःच प्रकाशन काढले. डर्लेथने तर घर बांधायला घेतलेल्या कर्जातले पैसे त्यात घातले! प्रती काढल्या १२६८, आणि तेवढ्या खपायलाही सुमारे चार वर्षे लागली. त्याच लव्हक्राफ्टला २००५ साली 'लायब्ररी ऑफ अमेरिका'ने आपल्या अभिजात ग्रंथमालेत बसवले. तेव्हाच्या त्या मूठभर गिऱ्हाइकांचे उपकार कोणी मानले की नाही, कोण जाणे.

आणि आपण? अनंत अंतरकरांनी 'हंस', 'मोहिनी'च्या जोडीने 'नवल' काढून गूढ-अद्‌भुताला हक्काचे घर दिले. नारायण धारपांनी आयुष्यभर भयकथा लिहिली. पण २००८ साली ते गेल्यावर दहा वर्षांनी 'तुंबाड' पडद्यावर आला, तेव्हा कित्येकांना त्यांचे नाव आठवले! चित्रपटाचे तिकीट काढताना हात आखडत नाही. मासिकाची वर्गणी म्हटली की मात्र हिशेब सुरू होतो. एकाने अंक घ्यायचा, पाच बिऱ्हाडांनी तो फाटेपर्यंत वाचायचा, आणि मासिक बंद पडले की चहा पिता पिता हळहळायचे.

वाचकहो, यंदाच्या फराळाबरोबर भयकथांचा एखादा लहान अंक पदरच्या पैशांनी आणा. शेजारी मागायला आले, तर त्यांना चकली द्या, दुकानाचा पत्ता द्या. अंक देऊ नका.