बुडबुड्याचा घाव

चहाचें आधण ठेवलें म्हणजे पाणी उकळण्यापूर्वींच भांडें गुणगुणूं लागतें, हें आपण रोज ऐकतों. बुडाशीं वाफेचे इवले बुडबुडे उपजतात, वरच्या थंड पाण्यांत शिरतांच मिटतात. त्या असंख्य मिटण्यांचा तो नाद. बुडबुडा उपजतो तोही वाटेल तेथें नव्हे. भांड्याच्या अंगावरील, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांत हवेचा अंश अडकलेला असतो. तोच त्याचा पाळणा.

पण यासाठीं विस्तवच हवा असें नाहीं. दाब पुरेसा उतरला तर थंडगार पाण्यांतही वाफेच्या पोकळ्या पडतात. चार्ल्स पार्सन्स यांनीं १८९४ सालीं 'टर्बिनिया' ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी नौका पाण्यांत सोडली, तेव्हां यंत्राला बळ भरपूर, पण वेग निराशाजनक! पंख्याच्या पात्यांमागें दाब इतका घटे कीं पंखा पाण्याऐवजीं पोकळीच घुसळीत बसे. पार्सन्सनीं एका लहान टाकींत दोन इंची पंखा बसविला, पाणी उकळीच्या बेतास आणलें आणि त्या पोकळ्या प्रत्यक्ष पाहिल्या. मग तीन दांड्यांवर मिळून नऊ पंखे लावले. १८९७ सालीं स्पिटहेड येथील नौदल-संचलनांत हीच नौका ३० नॉटहून अधिक वेगानें सर्वांच्या डोळ्यांदेखत धांवली.

खरा उपद्रव मात्र पोकळी मिटतांना होतो. चोहोंकडचें पाणी तीवर कोसळतें. लॉर्ड रॅले यांनीं १९१७ मध्यें गणित मांडलें: पोकळीची त्रिज्या विसाव्या हिश्श्यावर येऊन पाणी आंतील एखाद्या कठीण कणावर आदळलें, तर तेथें हवेच्या दाबाच्या सुमारें १०,००० पट दाब होईल! धातूलगतची पोकळी तर गोल राहून मिटतच नाहीं. भिंतीकडून पाण्याची वाट अडलेली. म्हणून पलीकडची बाजू आंत घुसते आणि पाण्याची बारीक सळई धातूवर आदळते. दोन समान बुडबुडे शेजारीं एकाच वेळीं मिटूं लागले तर त्यांच्या सळया एकमेकांकडे वळतात, जणूं मध्यें अदृश्य भिंतच उभी आहे. पाण्याच्या मोकळ्या पृष्ठभागाजवळ मात्र सळई उलट फिरून खालीं जाते. अशा लाखों घावांनीं कांशाचा पंखाही वाळवी लागल्यासारखा पोखरतो.

सराफाकडे दागिने उजळण्याची पेटी असते, तींत हेंच घाव कामास लावलेले आहेत. कानांस ऐकूं न येणाऱ्या ध्वनीनें पाण्यांत बुडबुडे उठतात आणि कोंदणांतील मळ निघतो. सोन्याच्या बांगड्या खुशाल द्याव्या. मोत्यांची नथ मात्र तींत घालूं देऊं नये. मोत्याचा नाजूक थर त्या माऱ्यापुढें टिकेलच याचा भरंवसा नाहीं.