उभ्या नावेची आतली तार

भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठी, बोट क्लबच्या बाजूस, जे लोक सायंकाळी हवा खाण्यास जातात त्यांची दृष्टी पाण्यावर जाते, शामला टेकडीच्या दिव्यांवर जाते, राजा भोजाच्या उंच पुतळ्यावर जाते. परंतु काठाला ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या यांत्रिक नौकांकडे क्वचितच कोणी पाहतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ येथील खंडपीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये या तलावावरील क्रूझ आणि मोटारबोटी बंद करण्याचा हुकूम दिला, आणि तो दिला हे योग्यच झाले. ज्या तलावाचे पाणी शहराचा फार मोठा भाग पितो, ज्याला २००२ मध्ये भोज पाणथळ या नावाने रामसर यादीत स्थान मिळाले, त्याच्या पृष्ठभागावर इंधनाचा तवंग पसरवून करमणूक करण्याचा हक्क कोणासही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु करमणुकीची नाव बंद झाली म्हणून बचावाची नाव अनावश्यक होत नाही. श्रावणात कोलांस नदीला लोंढा येऊन भदभदा धरणाचे दरवाजे उघडावे लागतात तेव्हा, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री घाटाघाटांवर मूर्ती येतात तेव्हा, प्रशासनाला इंजिन असलेली नाव तैनात करावीच लागते. ही नाव वर्षातील बहुतेक महिने उभी असते. आणि ज्या रात्री तिची गरज पडते, ती रात्र पुष्कळदा तिच्या कामाचा त्या वर्षीचा पहिलाच दिवस असतो. माझे सारे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. अशा नावेत सर्वांत आधी जे निकामी होते ते इंजिन नव्हे. इंजिन निकामी झाले तर निदान ते सुरू होत नाही आणि सर्वांना कळते. आधी निकामी होते ती चालकाच्या हातापासून नावेच्या शेपटापर्यंत गेलेली, कोणाला न दिसणारी तार, जिला कारागीर कंट्रोल केबल म्हणतात.

ज्यांनी उमेदीच्या वर्षांत बजाज चेतक चालविली आहे त्यांना केबल म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. क्लचची वायर ऐन चढावर तुटलेली, आणि स्कूटर ढकलीत मेकॅनिकच्या दुकानापर्यंत नेलेली, हा अनुभव आमच्या पिढीत घरोघरचा आहे. परंतु स्कूटरच्या आणि नावेच्या केबलीत एक मूलभूत भेद आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे चांगले चांगले कारागीरही फसतात. स्कूटरची वायर केवळ ओढते. परत नेण्याचे काम स्प्रिंग करते. नावेची केबल ओढते आणि ढकलतेही, सबब तिच्यातील पोलादी गाभा जाड व ताठ असतो, त्याच्याभोवती प्लॅस्टिकचे गुळगुळीत अस्तर असते, आणि त्याहीवर पोलादी वेटोळ्यांचे व रबरासारख्या आवरणाचे कवच असते. स्कूटरची अ‍ॅक्सिलरेटर वायर तुटली तर इंजिन मंदावते व माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. नावेची वेगाची केबल कवचात अडकली तर इंजिन ज्या वेगात असेल त्याच वेगात राहू शकते, आणि पाण्यावर कडेला उभे राहण्याची सोय नसते.

जेट नौकेत तर हा धोका दुपटीने वाढतो. न्यूझीलंडचे बिल हॅमिल्टन यांनी १९५४ च्या सुमारास आपल्या डोंगराळ मुलुखातील उथळ, खडकाळ नद्यांसाठी ही नाव सिद्ध केली. तिला खाली लोंबणारा पंखा नाही आणि सुकाणूही नाही. ती तळाच्या जाळीतून पाणी आत ओढते, वेगाने मागे फेकते, आणि त्या फवाऱ्याची तोटी डावी-उजवी वळवून दिशा बदलते. १९७७ मध्ये एडमंड हिलरी तीन जेट नौका घेऊन बंगालच्या उपसागरातून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध निघाले, काशी व हरिद्वार मागे टाकून नंदप्रयागाजवळच्या धबधब्यापर्यंत पोहोचले, आणि त्या नौका हाकण्यास हॅमिल्टन यांचे चिरंजीव जॉन स्वतः सोबत होते. काठाकाठाने लोटलेल्या जनसमुदायाला नौकेचा वेग दिसला. त्या वेगाला वळण देणारी, बोटाच्या जाडीची केबल कोणाला दिसली असेल?

आता ज्या गोष्टीमुळे जेट नौका इतर नावांहून अधिक सावधगिरी मागते ती अशी की, तिची दिशा तिच्या फवाऱ्यात असते. चालक घाबरून वेग सोडून देतो तेव्हा फवारा थांबतो, आणि फवारा थांबला म्हणजे चाक कितीही फिरविले तरी नाव आहे त्या रेषेत घसरत जाते. तिला ब्रेक नाही. फवाऱ्यापुढे खाली येणारी एक वक्र झडप, जिला बकेट म्हणतात, तीच तिला थोपविते व मागे नेते, आणि ती झडपही केबलीनेच हलते. म्हणजे दिशेची एक, वेगाची एक, झडपेची एक, अशा तीन तारांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. त्यांतील एक जरी जड झाली तरी सराव असलेल्या चालकाचा अंदाज चुकतो. कारण अंदाज हा हाताचा असतो, आणि हाताला मिळणारे उत्तर त्या तारेतूनच येते.

काही वर्षांपूर्वी, मृगाच्या तोंडावर, मध्य प्रदेशातीलच एका जलाशयावर अशी एक नाव पाहण्याचा मला योग आला. यंत्रशाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला यंत्र दिसले की हात लावल्यावाचून राहवत नाही. मी चाक फिरवून पाहिले, तर चिखलातून फिरवावे तसे ते जड लागले. तेथील अधिकारी म्हणाले, इंजिन पहिल्या सेल्फला लागते, तपासणीचा दाखला आहे, नाव तंदुरुस्त आहे. शेजारी एक वृद्ध मिस्त्री बसले होते, ते काही बोलले नाहीत. अधिकारी गेल्यावर त्यांनी नावेच्या मागे वाकून तोटीपाशी केबल जोडणारी पिन काढली आणि तोटी बोटाने हलवून दाखविली. ती मोकळी होती. मग मला म्हणाले, आता चाक फिरवा. चाक तितकेच जड. दोष तोटीत नव्हता, केबलीत होता. परीक्षा एवढी सोपी, दोन मिनिटांची. त्यांनी आसनामागील फळी काढली. तेथे जागा अपुरी म्हणून केबल कोपरासारखी मोडून वळविलेली होती, आणि त्या वळणावर कवचाला नखाएवढी चीर होती. मिस्त्र्यांनी ती चीर अंगठ्याने दाबली तेव्हा आतून विटकरी रंगाचे पाणी आले. करवतीने कापलेला तो तुकडा मी आजही टेबलावर ठेवला आहे. त्याच्या आतील पोलाद गंजून फुगले आहे आणि अस्तराला असे घट्ट धरून बसले आहे की, पक्कडीनेही ते ओढता येत नाही. मिस्त्री एवढेच म्हणाले, “खडी नाव जल्दी मरती है, बाबूजी.”

चालती केबल स्वतःला काही अंशी मोकळी ठेवते. हालचालीने ओल साचत नाही, गंजाची पहिली पापडी धरण्यापूर्वीच घासून जाते. उभी केबल एका जागी राहते, आवरणाच्या एका भेगेतून किंवा टोकाच्या फाटलेल्या रबरी बुटातून आत गेलेला ओलावा तेथेच मुक्काम करतो, पोलाद गंजते, गंजलेले पोलाद फुगते, आणि आतील अवकाश, जो मुळातच केसाएवढा, तो संपतो. आपल्याकडे समुद्राचे खारे पाणी नाही म्हणून निश्चिंत राहणारे पुष्कळ भेटतात. गोड्या पाण्यात गंज सावकाश चढतो हे खरे. पण आमच्या तलावांत गाळ आहे, शेवाळ आहे, जलपर्णी आहे, आणि बारीक गाळ ग्रीसमध्ये मिसळला म्हणजे त्याची सांधे झिजविणारी लुगदी होते.

येथेच वंगणाचा प्रश्न येतो, आणि वंगण म्हणजे तेल ओतणे, या समजुतीने अनेक केबली आयुष्यातून उठल्या आहेत. चेतकची वायर आमचे मेकॅनिक कशी सैल करीत? वरचे टोक सोडवून त्याला कागदाची पुंगळी बांधीत, तिच्यात तेल भरीत, आणि रात्रभरात थेंब थेंब ते खाली उतरे. जुन्या, अस्तर नसलेल्या वायरीला ते योग्यच होते. परंतु प्लॅस्टिकचे अस्तर असलेली नावेची केबल बहुधा कारखान्यातूनच वंगण भरून, टोके बंद करून येते; तिच्यात वरून दडपलेले ग्रीस धूळ धरते, काळाने घट्ट होते, आणि जी केबल सुटावी म्हणून खटाटोप केला तीच अधिक आवळते. गंज सोडविणारा फवारा हे तर वंगणच नव्हे. तो जड सांधा घटकाभर हलका करतो, पण तेथे असलेले खरे ग्रीस धुऊन नेतो. वंगण हवे असते ते बाहेर: आत-बाहेर सरकणाऱ्या चकचकीत दांड्यावर, तोटीच्या व झडपेच्या बिजागरीवर, गोळीच्या सांध्यांवर, आणि तेही पाण्याने न धुपणारे मरीन ग्रीस, आधी जुने पुसून, मग नवे बोटभर लावून, उरलेले चिंध्यांनी टिपून घेऊन. पिण्याच्या पाण्याच्या तलावात तर हे टिपून घेणे कामाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. ज्या केबलीचे कवच फुटले आहे किंवा जी दोन्ही टोके सोडवूनही जड चालते, तिला वंगण घालण्यात अर्थ नाही. ती काढावी आणि नवी घालावी, लांबी मोजून आणि वळण ऐसपैस ठेवून.

एवढ्या लहान गोष्टीसाठी वृत्तपत्राची जागा का अडवावी, असे कोणी विचारील. मी ज्या शहरात राहतो त्याला हे विचारण्याचा अधिकार उरलेला नाही. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्री, २ आणि ३ तारखांच्या मध्ये, युनियन कार्बाइडच्या कारखान्यात संरक्षणाची साधने नव्हती असे नाही. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा होती, ती काही महिन्यांपूर्वी बंद केलेली होती. वायू जाळून टाकणारा मनोरा होता, त्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. वायू धुणारे यंत्र होते, ते चालू स्थितीत ठेवलेले नव्हते. सारी साधने आपापल्या जागी उभी होती, आणि उभीच राहिली.

२०१९ च्या १३ सप्टेंबरला, गणेश विसर्जनाच्या पहाटे, छोट्या तलावाच्या खटलापुरा घाटावर दोन नावा एकत्र बांधून मोठी मूर्ती नेताना त्या उलटल्या आणि पिपलानी भागातील अकरा तरुण बुडाले. तेथे केबलीचा संबंध नव्हता. भार होता, अंधार होता, आणि अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. पण अशा क्षणी काठावरून सुटणाऱ्या नावेने पहिल्याच झटक्यात वळावे, थांबावे, बुडणाऱ्याच्या अंगावर न जाता त्याच्या शेजारी उभे राहावे, ही अपेक्षा आपण करतो; आणि ती पुरी करण्याचे सामर्थ्य नावेच्या या तारांत असते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान नौका ताबा सुटून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नावेवर आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. वेगात असलेल्या नौकेवरचा ताबा काही क्षण सुटला, तर जे नौकेत बसलेलेही नाहीत त्यांचा जीव जातो, हे त्या दुपारी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये यांत्रिक नौकांच्या तपासणीची व नोंदणीची तरतूद आहे. दाखला मुदतीचा असतो, आणि मुदतीच्या आत नाव निर्दोष आहे असे दप्तर समजते. पण गंजाला मुदत ठाऊक नसते. म्हणून माझी मागणी अशी की, बचावासाठी ठेवलेल्या प्रत्येक नावेला स्वतःची एक देखभालवही असावी, ती कचेरीच्या कपाटात न राहता नावेबरोबर असावी, आणि कोणाही नागरिकाला ती मागून पाहता यावी. आठवड्यातून एकदा प्रत्येक केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलवून पाहावी आणि हाताला काय जाणवले ते त्या वहीत लिहावे. हलकी, किंचित जड, अडकते, एवढे तीन शब्दही पुरेत. नव्या नावेच्या खरेदीला मंजुरी मिळते आणि जुन्या नावेच्या केबलीची दरखास्त टेबलाटेबलांवर फिरत राहते, हा शिरस्ता मोडून दर वर्षीच्या खर्चात केबलींचा संच आधीच धरलेला असावा.

आणि याहूनही ज्याविषयी माझा आग्रह आहे ती गोष्ट अशी की, नाव पाण्यात न उतरविण्याचा अखेरचा अधिकार मिस्त्र्याला असावा, आणि तो वापरल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारू नये. त्या जलाशयावरील वृद्ध कारागिराला दोष ठाऊक होता. अधिकारी जाईपर्यंत ते गप्प का बसले, हे मी त्यांना विचारले नाही. रोजंदारीवरच्या माणसाला ते विचारावे लागत नाही.

पुढील अनंत चतुर्दशीच्या सायंकाळी खटलापुरा घाटावर जी बचावनौका उभी असेल, तिच्या वहीतील शेवटची नोंद त्याच आठवड्याची असावी, आणि तिच्याखाली मिस्त्र्याची सही असावी. मी त्या दिवशी घाटावर जाऊन ती वही मागणार आहे.