एका अक्षराचा काळा वाघ

मुलांनो, दूध चोरायला येणाऱ्या पट्टेवाल्या बोक्याला कधी नीट न्याहाळलंय? आपल्याकडे बहुधा बारीक पट्टे दिसतात. युरोपात मात्र अशीही पुष्कळ मांजरं असतात, ज्यांचे पट्टे रुंद होऊन भोवऱ्यासारखे वळलेले असतात. दोन्ही मांजरंच! मग हा फरक आला कुठून?

प्रत्येक प्राण्याच्या पेशीत त्याचं शरीर कसं घडवायचं ते लिहिलेलं असतं. डीएनएची ही लिपी फक्त चार अक्षरांची. वाघाच्या पोथीत अशी सुमारे 240 कोटी अक्षरं! त्या पोथीतला एखादा अर्थपूर्ण परिच्छेद म्हणजे जनुक. आता शुद्धलेखनात 'वाघ आला'ऐवजी कुणी 'माघ आला' लिहिलं तर? अक्षर एकच चुकलं, पण जंगलातून थेट थंडीत पोचलो की नाही!

ओडिशातल्या सिमिलिपालच्या जंगलात अस्संच झालंय. तिथल्या काही वाघांचे पट्टे इतके रुंद, की एकमेकांत मिसळून वाघ जवळजवळ काळाच दिसतो. मधूनमधून नारिंगी रंग डोकावतो तेवढाच. बेंगळुरूच्या शास्त्रज्ञ उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये याचं कारण जाहीर केलं. 'टॅकपेप' नावाच्या जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं! गंमत म्हणजे मांजरांचे ते भोवरेही याच जनुकातल्या निराळ्या बदलांमुळे होतात. आफ्रिकेतला 'किंग चित्ता' ठिपक्यांऐवजी जाड पट्टे मिरवतो ना, तोसुद्धा याच जनुकामुळे, बरं का!

मग असे वाघ इतर जंगलांत का दिसत नाहीत? जनुकाच्या प्रती दोन असतात, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. एकच प्रत बदललेली असेल तर पट्टे नेहमीसारखेच. दोन्ही बदललेल्या असल्या तरच वाघ काळा. सिमिलिपालात वाघ थोडे, आणि बाहेरच्या वाघांपासून तुटलेले. त्यामुळे नात्यातल्या नात्यात जोड्या जमतात आणि दोन बदललेल्या प्रती एकत्र येतात. ओडिशाच्या 2023-24 च्या गणनेत तिथे 27 मोठे वाघ होते, त्यांतले 13 काळे! लोकांना याचं कौतुक वाटतं, मला मात्र काळजी वाटते. कारण आज पट्टे रुंद झाले, उद्या एखादा दडलेला आजारही अशाच वाटेने वर येऊ शकतो.

म्हणून तर 2024 च्या अखेरीस आपल्या ताडोब्यातल्या जमुना आणि झीनत या वाघिणींना तिकडे नेलं. पण झीनतबाई कुठल्या एका जागी बसायला! झारखंड ओलांडून पोचल्या थेट पश्चिम बंगालात. 29 डिसेंबरला बांकुरा जिल्ह्यात भुलीचं इंजेक्शन देऊन त्यांना पकडलं आणि परत आणलं.

आता डोकं चालवा. समजा, झीनतच्या दोन्ही प्रती साध्या आहेत आणि तिचा जोडीदार काळा. मग बछडी कशी दिसतील? सगळी नेहमीच्या पट्ट्यांची! पण प्रत्येकात एक बदललेली प्रत लपलेली. आता त्यांतलं एखादं मोठं झालं आणि त्याचाही जोडीदार काळाच असला, तर? वहीत चार चौकोन आखा आणि शोधा. उत्तर पुढच्या अंकात.