हिरव्या पानाचा शिक्का आणि पंधरा डबे

माझ्या मामाचा काजूचा छोटा धंदा आहे. चंदगड आणि खानापूर भागातल्या बिया घ्यायच्या, गर काढायचा, प्रतवारी करायची आणि दहा-दहा किलोच्या डब्यांत भरून बेळगावात, हुबळीला, गोव्याला पाठवायचा. घरात इंग्रजी कागदपत्रं वाचणारी मीच, म्हणून ती सगळी माझ्याकडं येतात. गेल्या महिन्यात गोव्यातल्या एका गिऱ्हाइकाकडून सहा पानी फॉर्म आला. "काय विचारूलालेत बघ की हे," म्हणत मामानं मोबाइल माझ्यापुढं धरला.

फॉर्म होता 'सस्टेनेबल' मालवाहतुकीचा. तुमचा ट्रान्सपोर्टर पर्यावरणपूरक आहे का? गाड्या बीएस-६ आहेत का? त्यात इलेक्ट्रिक किती? कार्बन ऑफसेटचं प्रमाणपत्र आहे का? वरच्या कोपऱ्यात हिरव्या पानाचं चित्र. आणि त्याच मेलला दुसरी एक फाइल जोडलेली, ऑर्डरची: पंधरा डबे, २४ तासांत पोच.

मला या दोन फायलींबद्दलच लिहायचं आहे. त्या एकाच मेलमध्ये होत्या आणि पाठवणाऱ्याला त्यात काहीच विसंगत वाटलं नव्हतं.

त्या रात्री मी आणि मामानं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. चोर्ला घाटातून पणजीला जाऊन परत यायचं म्हणजे साधारण २२० किलोमीटर. पिकअप या रस्त्याला लिटरमागं बारा किलोमीटर जाते असं ड्रायव्हर सांगतो, म्हणजे १८-१९ लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की अंदाजे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका फेरीचा झाला जवळजवळ ५० किलो. पंधरा डबे म्हणजे दीडशे किलो काजू. किलोमागं ३३० ग्रॅम धूर! तीच पिकअप १२० डबे भरून गेली तर वजनामुळं डिझेल जास्त लागेल, फेरीचे ६० किलो धरा. तरी किलोमागं ५० ग्रॅमच पडतात. गाडी तीच, इंजिन तेच, ड्रायव्हरही तोच. फरक फक्त 'उद्याच पाहिजे' या दोन शब्दांचा.

गाडी किती भरून जाते, हे सहा पानांत कुठंही विचारलेलं नव्हतं. परत येताना ती रिकामी येते का, हेही नाही. वाहतुकीच्या प्रदूषणाची मोजणी कशी करायची याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १४०८३, ते २०२३ मध्ये आलं. त्यात रिकामी फेरीसुद्धा हिशेबात धरावी लागते. फॉर्मच्या तळाशी त्या मानकाचं नाव होतं. प्रश्न मात्र नव्हता. साहित्याच्या विद्यार्थ्यांना विशेषणांवर संशय घ्यायला शिकवतात. 'हरित' हे विशेषण सध्या कुणीही कशालाही लावतं. पंधरा डबे इलेक्ट्रिक गाडीतून पाठवले, तरी रिकामी परत येणारी ती गाडी चार्ज होणार आपल्याच देशातल्या विजेवर, आणि ती वीज अजून निम्म्याहून जास्त कोळशाचीच आहे.

घाईची किंमत समुद्रातही अशीच आहे. २००८ च्या मंदीनंतर इंधन वाचवायला मोठ्या कंटेनर कंपन्यांनी जहाजं मुद्दाम हळू चालवायला सुरुवात केली. वेग दहा टक्के कमी केला की इंजिनाला लागणारी शक्ती सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरते. वेळ जास्त लागतो हे धरूनसुद्धा फेरीमागं इंधन बरंच वाचतं. नवं जहाज नको, नवं इंधन नको. माल घेणाऱ्यानं थोडं थांबायचं, एवढंच.

"मग रेल्वेनं का पाठवत नाही?" असं वर्गातल्या मैत्रिणीनं विचारलं. प्रश्न बरोबर आहे. तेवढ्याच मालाला रेल्वेला ट्रकपेक्षा कितीतरी कमी इंधन लागतं. कोकण रेल्वे तर १९९९ पासून भरलेले ट्रकच्या ट्रक वाघिणीवर चढवून नेते. पण पंधरा डब्यांसाठी वाघीण कोण देणार? आणि आमची गोव्याकडची लाइन कॅसलरॉकहून कुळ्याला उतरते ती १:३७ च्या चढणीवरून, मोलेच्या जंगलातून. तिथं दुसरा रूळ टाकायला विरोध करत २०२० च्या नोव्हेंबरात चांदोरला लोक रात्री रुळांपाशी जमले होते. ही दुपदरी लाइन मुख्यतः कोळशासाठी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. रेल्वेला ते मान्य नव्हतं. ९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. रेल्वे स्वच्छ, हे खरंच. पण तिच्यावरून काय जाणार आणि त्यासाठी काय तोडणार, हे बाजूला ठेवून नुसतं 'रेल्वे म्हणजे हरित' म्हणता येत नाही.

मामाला याहून जवळची भीती आहे. मोठा पुरवठादार ऑफसेटचं प्रमाणपत्र विकत घेतो आणि फॉर्मवर टिक करतो. त्याच्या गाड्या अर्ध्या रिकाम्या धावल्या तरी कागद हिरवा. मामाकडं प्रमाणपत्र नाही, म्हणून ऑर्डर जायची. गिऱ्हाइकांनी असं काही विचारूच नये, असं मला म्हणायचं नाही. विचारावं. पण आधी आपल्याच ऑर्डरची तारीख बघावी.

आता आमच्या बाजूचं. बेळगावहून रोज रात्री भाजीच्या गाड्या गोव्याला जातात, हे इथं कुणाला सांगायला नको. येताना बहुतेकांत रिकामे क्रेट असतात. मामानं ओळखीच्या एका भाजीवाल्याला गाठलं. डबे सीलबंद, म्हणून भाजीच्या ओलीची काळजी नाही. अडचण निघाली ती ई-वे बिलाची. त्यावर गाडीचा नंबर लागतो, आणि आज कुठली गाडी जाणार हे भाजीवाला संध्याकाळी सातला सांगतो. मग सातनंतर बिल करायचं माझ्याकडं आलं. (परीक्षेच्या आठवड्यातसुद्धा. असो.) एप्रिल-मे मध्ये सत्तरीतल्या काजूबियांची पोती त्याच गाडीतून परत आणता येतील का, याचीही बोलणी चालू आहेत. भाजीवाला भाडं जरा जास्तच मागतोय.

फॉर्म आम्ही भरला. ऑफसेटपुढं 'नाही', इलेक्ट्रिकपुढं 'नाही'. शेवटी 'इतर माहिती' म्हणून दोन ओळींची जागा होती. तिथं मी बारीक अक्षरात लिहिलं: आमचा माल बुधवारी आणि शनिवारी, दुसऱ्या मालाबरोबर भरलेल्या गाडीतून येईल, तातडीनं हवा असेल तर वेगळी गाडी करू, आणि तिचं डिझेल किती जळलं ते बिलावर लिहू.

मामा म्हणाला, "हे शेवटचं कशाला घातलंस? रागवतील की."

मी ते खोडलं नाही. उत्तर अजून आलेलं नाही. पण मंगळवारी ऑर्डर आली, चाळीस डब्यांची, आणि तारखेच्या रकान्यात शनिवार होता.